दौंडची अमेरिकन

जॉयसची आणि माझी ओळख कंपनीच्या बसमधली. मी मूळची खुटबावची, लग्न करून दौंडला आलेली. ती शिरूरची, तीही लग्न करूनच इकडं आलेली. कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत मी पॅकिंगला होते आणि ती लॅबमध्ये. पहिल्याच दिवशी बसमध्ये मागच्या सीटवरची बाई माझ्या कानाशी लागली, "ती खिडकीपाशी बसलीय ना, ती अमेरिकन हाय." मी वळून पाहिलं. सावळी, चापूनचोपून वेणी घातलेली, मांडीवर डब्याची पिशवी. मला वाटलं, बाई नवी म्हणून माझी फिरकी घेतेय.

पण ते खरं होतं. जॉयसचे वडील योसेफ सर शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेले, पुढं शिक्षक झालेले. चर्चच्या मंडळीनं त्यांना दोन वर्षं अमेरिकेला धर्मशिक्षणासाठी पाठवलं होतं. बायको दयाबाई बरोबर होत्या. आयोवा नावाच्या राज्यातल्या एका लहानशा गावात जॉयस जन्मली आणि नीट चालायला लागायच्या आत, आईच्या पासपोर्टवर नाव चढवून, शिरूरला परत आली. त्या गावातलं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवायचं ते सरांना.

सरांकडं अमेरिकेच्या गोष्टी होत्या, पण मोटारींच्या आणि उंच इमारतींच्या नव्हेत. ते सांगायचे, तिथं बर्फ पडला की माणसं सरकारची वाट बघत बसत नाहीत. आपल्या दारापुढची पायवाट आपणच मोकळी करायची. शेजाऱ्याचा पाय घसरला तर लाज आपल्याला. ते सांगायचे, एकदा भर दुपारी रिकाम्या चौकात त्यांच्या प्राध्यापकानं गाडी थांबवली. इकडून कोणी नाही, तिकडून कोणी नाही. सर म्हणाले, चला की, कुणी बघत नाहीये. तर तो म्हातारा म्हणाला, मी बघतोय ना. आणि गावसभेची गोष्ट तर त्यांची लाडकी. गावच्या सभागृहात महापौर समोर बसलेला, आणि दूध घालणारा माणूस उठून त्याला रस्त्याचा जाब विचारतोय. सरांच्या शेजारी राहणाऱ्या एका माणसानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही लोक आपल्या देशात परत का जात नाही. सर तेही लपवायचे नाहीत. "पण त्या सभेत," ते म्हणायचे, "त्याला जेवढा वेळ बोलायला मिळाला तेवढाच मलाही मिळाला. आणि मी बोलत असताना तो गप्प बसून ऐकत होता."

शिरूरला बर्फ कुठला. तरी सर दर शनिवारी लेकीला घेऊन कंपाउंडाच्या बाहेरचा रस्ता झाडायचे. जाणारे-येणारे हसायचे. शाळेत पोरं तिला 'ए अमेरिका' म्हणूनच हाक मारायची. ती रागवायची नाही. तिला वाटायचं, हे आपलं टोपणनाव आहे, जसं कुणाचं बाळ्या असतं, कुणाचं गुंडी.

बीएस्सी झाल्यावर तिचं लग्न दौंडच्या डॅनीशी झालं. डॅनी रेल्वेत नोकरीला, बाप रेल्वेत, आजाही रेल्वेत. रेल्वे लाईनच्या पलीकडं एका गल्लीत त्यांचं घर. पुढं आम्हीही त्याच गल्लीत राहायला गेलो. त्यांना एक मुलगी, प्रांजल. सासरी आल्यावर जॉयसनं दोन महिन्यांत गल्लीचं वळणच बदललं असं डॅनी कौतुकानं आणि थोडं वैतागून सांगायचा. कंपनीची बस आली की आमची झुंबड उडायची. हिनं रांग लावायला लावली. आधी सगळ्या तोंड वाकडं करायच्या, मग सवय झाली. गल्लीत कुणाला रक्त लागलं, कुणाच्या म्हातारीची पेन्शन अडली, तर जॉयसचं दार. निवडणुकीला ती सकाळी आधी स्वतः मत देऊन यायची आणि मग गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकेक करून केंद्रावर न्यायची. समोर राहणारे हौशीराम आप्पा, रेल्वेत गँगमन होते, गुडघे गेलेले. ते तर तिच्याशिवाय कुणाच्या गाडीवर बसायचे नाहीत.

मग गटाराची भानगड झाली. केबल टाकणाऱ्या एका ठेकेदाराच्या माणसांनी खणताना पाइप फोडली आणि वर माती लोटून निघून गेले. पावसाळाभर घाण पाणी गल्लीत. ठेकेदार ज्ञानेशच्या ओळखीतला होता. ज्ञानेश म्हणजे आमच्या प्रभागातला पुढारी, स्वतः कधी निवडून न आलेला पण सगळ्यांना निवडून आणणारा. जॉयस तीनदा त्याच्याकडं जाऊन आली. तो हसून चहा पाजायचा.

नगरपरिषदेच्या निवडणुका लांबत लांबत शेवटी लागल्या. आमचा प्रभाग बाईसाठी राखीव निघाला. ज्ञानेशनं बायकोला, प्रतिभाला, उभं केलं. तेव्हा हौशीराम आप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "पोरी, तूच हुबी ऱ्हा. तुला बोलता येतंय, ल्हेता येतंय. आन् तू पैशे खायाची न्हाईस, येवढं मला ठावं हाय."

जॉयस हसली. पण आठ दिवसांनी खरोखरच तिनं अर्ज भरला. डॅनी म्हणाला, आपल्याला काय करायचंय राजकारणात. शिरूरहून सर आले आणि जावयाला म्हणाले, "अहो, हे राजकारण नव्हे. ही पायवाट झाडणंच आहे."

अर्जांची छाननी झाली त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते, सुट्टी टाकून. हॉल गच्च भरलेला. तिचा नंबर आला तसा ज्ञानेश उठला. आवाज न चढवता, अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, हरकत आहे. उमेदवार अमेरिकेच्या नागरिक आहेत. आम्ही म्हणत नाही, सगळं दौंड म्हणतं."

हॉलमध्ये हसू फुटलं. मीही हसले. जॉयससुद्धा हसली.

निवडणूक अधिकाऱ्यांनी अर्ज उलटूनपालटून चाळला. मतदार यादीत नाव होतं, आधार होतं, सगळं होतं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. मला तो चेहरा आठवतो. त्यांना हे प्रकरण नको होतं. ते म्हणाले, "बाई, साधं विचारतो. तुम्ही दुसऱ्या कुठल्या देशाच्या नागरिक आहात का? नाही म्हणा, मी पुढं जातो."

जॉयसनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला 'नाही' म्हणता येईना. नंतर ती मला म्हणाली, प्राची, तोपर्यंत मी या प्रश्नाचा कधी विचारच केला नव्हता गं. त्या क्षणी पहिल्यांदा केला, आणि उत्तर माहीत नव्हतं. माहीत नसताना नाही कसं म्हणू?

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "जन्म तिथला आहे. तिथलं नागरिकत्व सोडल्याचं मी कधी कुठं लिहून दिलेलं नाही."

हसू थांबलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. ज्ञानेशला स्वतःलाही हे अपेक्षित नसावं. त्याला नुसतं हॉलभर तिचं हसं करायचं होतं, असं मला आजही वाटतं. साहेबांनी पुस्तक उघडलं, फोन केले, बराच वेळ गेला. मग त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं. आईबाप भारतीय, म्हणून तुम्ही जन्मानं भारतीय होता. तिथं जन्म, म्हणून अमेरिकनही होता. लहानपणी दोन्ही चालतं. पण अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत तिकडचं सोडावं लागतं. नाही सोडलं, तर इकडचं आपोआप जातं.

"आपोआप म्हणजे?" जॉयसनं विचारलं.

"म्हणजे कुणी काही करावं लागत नाही."

अर्ज बाद झाला. बाहेर पायऱ्यांवर डॅनी उभा होता. सगळं ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला. "एक शब्द होता गं," तो म्हणाला. "नाही. दोन अक्षरं. म्हणून टाकायचं होतंस."

आम्हाला वाटलं, निवडणूक गेली, प्रश्न मिटला. खरं तर तिथूनच सुरुवात झाली. हरकतीचे कागद वर गेले, वरून आणखी वर. एक दिवस गणवेशातले दोघं घरी आले. वागायला चांगले होते, चहासुद्धा घेतला. एकानं हसत विचारलं, "मॅडम, हिंदी समझते हो ना?" जॉयस म्हणाली, "साहेब, मी शिरूरची आहे." तो ओशाळला, पण हातातला कागद वाचायचा थांबला नाही. विनापरवाना राहत असलेली परदेशी व्यक्ती, असं त्यात लिहिलेलं होतं. न कळवता तालुका सोडायचा नाही, असंही होतं.

मतदार यादीतून तिचं नाव कमी झालं. कंपनीत एचआरनं बोलावून घेतलं. परदेशी व्यक्तीला कामाचा परवाना लागतो, तो नसताना ठेवलं तर कंपनी अडचणीत येते. तुमच्याविषयी तक्रार नाही, पण तूर्त घरी थांबा. तिची जागा बसमध्ये काही दिवस आम्ही रिकामी ठेवली. मग नवीन मुलगी आली, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, ती तिथं बसली.

आता जॉयस घरात. शिरूर दौंडपासून असं काही लांब नाही, न्हावऱ्यावरून एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण माहेरी जायचं तरी ठाण्यात कळवायला लागायचं. तिची चुलत बहीण न्हावऱ्यात वारली, तेव्हा ठाण्यातल्या माणसाची वाट पाहता पाहता मातीची वेळ निघून गेली. त्या संध्याकाळी मी गेले तर ती मातीला जायला म्हणून नेसलेल्या साडीतच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

सगळ्यात जास्त चीड तिला लोकांच्या कौतुकाची यायची. लांबलांबून माणसं यायची. एक बाई लेकाचा बायोडाटा घेऊन आली, तिकडं कुठं चिकटवता येईल का म्हणून. कुणी म्हणायचं, नशीबवान हात तुम्ही, लोक जीव टाकत्यात तिकडं जायला आन् तुम्ही रडताय. प्रांजलला शाळेत पोरं विचारायची, तुझी आई कधी परत जाणार? प्रांजल घरी येऊन विचारायची, परत म्हणजे कुठं?

डॅनीनं एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी शांतपणे समजावलं, पण ऐकून आमचं डोकं गरगरलं. परदेशी म्हणून रीतसर राहायचं तर व्हिसा हवा. व्हिसा पासपोर्टवर उमटतो, आणि जॉयसकडं कुठल्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. भारतीय नागरिकत्व परत मागायचं तर आधी काही वर्षं रीतसर राहिलेलं दाखवायला हवं. रीतसर राहायला व्हिसा हवा. शिवाय एवढी वर्षं जे मतदान केलं तो कायद्यानं गुन्हा ठरू शकतो. त्याबद्दल कुणी खटला भरेल असं त्यांना वाटत नव्हतं, पण भरणार नाहीत असंही त्या लिहून देऊ शकत नव्हत्या.

"मग मी अमेरिकेचं सोडून देते," जॉयस म्हणाली. "आज देते. कुठं सही करायची?"

"आज सोडलंत तर उद्या तुम्ही कुणाच्याच नसाल," वकीलबाई म्हणाल्या. "सध्या निदान एका देशाच्या तरी आहात."

म्हणजे भारतीय व्हायचं, तर आधी नीट अमेरिकन व्हायला हवं होतं. तेवढा एकच रस्ता.

ठाण्याची परवानगी काढून ती मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत गेली. जन्माचा साक्षीदार म्हणून योसेफ सर बरोबर. सरांनी लग्नातला कोट घातला होता. खिडकीपलीकडं एक तरुण अमेरिकन अधिकारी होती, चेहऱ्यानं चिनी-जपानी वाटावी अशी. तिनं सरांना त्या गावाबद्दल विचारलं. कुठं राहत होता, दवाखाना कुठं होता, बाळंतपणाला कोण डॉक्टर होते. सर इतके रंगून सांगायला लागले की मागच्या रांगेतले लोक चुळबुळायला लागले. बर्फ सांगितला, चौक सांगितला, गावसभा सांगितली. ती बाई हसत होती. म्हणाली, माझे आईवडील व्हिएतनामहून होडीतून पळाले, मीही अशाच एका लहान गावात वाढले, आणि आमच्याकडंही शेजाऱ्याच्या दारातला बर्फ मीच काढायची.

मग तिनं जॉयसला उजवा हात वर करायला सांगितला. लिहिलंय ते सगळं खरं आहे अशी शपथ. मागं तो झेंडा. जॉयसनं हात वर केला, आणि तिला एकदम शाळेचं मैदान आठवलं, प्रतिज्ञेला हात पुढं करून उभ्या असलेल्या मुली, आणि तिला रडू फुटलं. अधिकारी बाईला वाटलं, आनंदानं भरून आलंय. तिनं काचेखालच्या फटीतून कागदी रुमाल दिला.

"तुम्ही जन्मापासून आमच्या नागरिक आहात," ती म्हणाली. "आजपासून नव्हे, पहिल्यापासून. पासपोर्ट येईल. तुम्ही उद्या विमानात बसलात तरी कुणी अडवणार नाही."

"माझी मुलगी?"

तिनं काहीतरी तपासलं. आई तिथं पुरेशी वर्षं राहिलेली नसली तर मुलांना आपोआप मिळत नाही. वेगळा अर्ज करावा लागेल, नवऱ्याचाही वेगळा, वेळ लागेल. "पण तुम्हाला आमच्या निवडणुकीत मत देता येईल," ती आपल्या परीनं धीर देत म्हणाली. "दौंडला बसून. तुमचे आईवडील जिथं राहत होते तिथलं मत."

जॉयसनं विचारलं, "मॅडम, मी तिकडची भाषा पुस्तकातून शिकले. तिथलं एकही झाड मला आठवत नाही. मी अमेरिकन कशानं?"

त्या बाईनं समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "माझ्या वडिलांनी नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा त्यांना बरंच पाठ करावं लागलं होतं. कायदा सगळ्यांना सारखा. मत द्यायचं. खरं बोलायचं. बोलावलं की पंच म्हणून न्यायालयात बसायचं. गावाच्या कामात पडायचं, आणि पटत नसेल तर उभं राहून सांगायचं. ते म्हणायचे, मी हे सगळं आधीच करत होतो, चुकीच्या देशात."

"मीसुद्धा," जॉयस म्हणाली.

परत येताना गाडीत सर बराच वेळ बाहेर बघत होते. मग खाली मान घालून म्हणाले, "जॉयस, तू अठराची झालीस तेव्हा मंडळीतल्या एकानं मला सांगितलं होतं, तिकडचं सोडावं लागतं म्हणून. मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, एक दार उघडं राहील पोरीला. असावं उघडं. काय बिघडतं?"

जॉयसनं खिडकीकडं तोंड फिरवलं. ती चिडली होती, आणि बापाच्या कोटाच्या झिजलेल्या बाह्यांकडं बघून तिला चिडताही येईना. उरुळी गेलं, यवत गेलं. दौंड आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पप्पा, उतरा. पाय जपून ठेवा."

पासपोर्ट आला. निळा, कोरा करकरीत. गल्लीतल्या पोरांनी तो हातात घेऊन बघितला. त्यावर व्हिसा मिळवायला आणखी बराच काळ गेला, पुण्याला खेपा झाल्या. पूर्वीच्या मतदानाचं प्रकरण पुढं गेलं नाही. कुणी ते मिटवलं की कुठं नुसतंच पडून राहिलं, ते तिला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी एक कार्ड मिळालं, परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांना देतात तसलं. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ समुद्रापलीकडचा नागरिक असा काहीसा होतो. हौशीराम आप्पांनी ते हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. "आन् समिंदर कुठशीक हाय म्हनं दौंडात?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्या हसलो. कार्ड मिळाल्यावर पाच वर्षं थांबायचं, मग भारतीय नागरिकत्वाचा अर्ज, मग तिकडचं सोडायचं. तोवर नोकरी करता येते, राहता येतं. मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही.

कंपनीनं तिला परत घेतलं, पण लॅबमध्ये नाही. लॅबची जागा भरलेली होती. आता ती माझ्याशेजारी पॅकिंगला असते. बसच्या रांगेत ती उभी राहते, पण कुणी मधे घुसलं तर आता काही बोलत नाही. एकदा मीच त्या मुलीला ओरडले. जॉयसनं माझा दंड धरला. "जाऊ दे," म्हणाली. "उद्या म्हणतील, ही कोण सांगणार."

तेच मला सगळ्यात जास्त लागतं. कायद्यानं तिला बोलायला कुठं बंदी केलेली नाही. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय, तक्रार करा, अर्ज लिहा, काही होत नाही, फक्त निवडणुकीच्या प्रचारात पडू नका. पण तिला आता प्रत्येक कागदाची भीती वाटते. गल्लीच्या पाण्याच्या अर्जावरही ती सही करत नाही. डॅनी करतो. त्याला लिहिता-बोलता येत नाही असं नाही, पण त्याचा तो पिंड नाही. आमच्या गल्लीत बोलणारं माणूसच उरलं नाही म्हणा ना.

अमेरिकेची निवडणूक जवळ आली तेव्हा तिला वकिलातीकडून मेल आला, मत द्यायचं असेल तर नोंदणी करा. योसेफ सर शिरूरहून फोनवर फोन करायला लागले. त्यांचं म्हणणं, नागरिक आहेस तर मत देणं कर्तव्य आहे, देश कुठला का असेना. तिनं उमेदवारांची नावं उघडून बघितली. एका गावच्या शाळेसाठी कर वाढवायचा की नाही असाही एक प्रश्न त्या भागातल्या निवडणुकीत होता. तो तिनं दोनदा वाचला.

"पप्पा," ती फोनवर म्हणाली, "त्या शाळेत कुणाची पोरं जातात, मला माहीत नाही. छपराला गळती आहे का, माहीत नाही. तिथले लोक मला ओळखत नाहीत. मी इथं बसून त्यांचा कर वाढवू?"

"पण हक्क आहे तुझा."

"हक्क आहे. पण तुम्हीच शिकवलंत ना, दारापुढची पायवाट झाडायची. ते दार माझं नाही."

सर म्हणाले, "तुझं दार कुठलं, मग?"

तिनं नोंदणी केली नाही. सरांशी पुढं पंधरा दिवस ती फोनवर नुसतं जेवणाखाण्याचं बोलली.

गेल्या पावसाळ्यात गटार परत फुटलं. निवडून आलेल्या प्रतिभाताईंनी मधे एकदा दुरुस्ती करून घेतली होती, पण ती टिकली नव्हती. या वेळी पाणी हौशीराम आप्पांच्या उंबऱ्यापर्यंत आलं. आम्ही बायकांनी ठरवलं, थेट नगरपरिषदेत जायचं. अर्ज जॉयसनं लिहिला, सुंदर लिहिला, कुठली पाइप, कुठल्या वळणावर, किती घरं. खाली आम्ही सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. तिचा नव्हता.

ती आमच्याबरोबर आली मात्र. आप्पांना गाडीवर मागं बसवून तिनंच आणलं. वरच्या मजल्यावर गेलो तर बाहेर व्हरांड्यात एक बाकडं होतं. जॉयस तिथं बसली. "तुम्ही जा," म्हणाली. "मी आप्पांची काठी सांभाळते." आप्पांना काठीची गरज होती, ती त्यांनी नेलीच. ती तरी बसून राहिली.

आत मुख्याधिकारी साहेबांपुढं आमचं काही धड जमेना. मी बोलायला लागले आणि मधेच पाइपांचा घोळ केला. आप्पा मोठ्यानं म्हणाले, "सायेब, पानी माझ्या देव्हाऱ्यात शिरलंय, त्ये बगा आधी," आणि मग गँगमन असतानाच्या एका पुलाची गोष्ट सांगायला लागले. प्रतिभाताई तिथंच बसल्या होत्या. बाई वाईट नाही. निवडून आल्यापासून नवऱ्याला न विचारता बोलायला लागलीय, हळूहळू. तिनं अर्ज वाचला, विचारलं, "हा कुणी लिहिलाय?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. मग ती स्वतःच उठून बाहेर गेली. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, आत या की. तुम्हीच सांगा नीट. यांना जमंना झालंय."

"नको," जॉयस म्हणाली. "तुम्हाला अडचण व्हायची."

"मला कसली अडचण? मी बोलावतेय ना."

"प्रतिभाताई, तुमचा राग नाही हो. पण मला आत यायला भीती वाटते. आत कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर मला काय सांगायचं ते अजून ठरवता आलेलं नाही."

प्रतिभाताईंच्या नवऱ्यानंच हे सगळं सुरू केलं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि जॉयसलाही. मग त्या तिच्याशेजारी बाकड्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं, मला सांगा. मी आत सांगते." आणि जॉयस सांगायला लागली. बोटानं मांडीवर गल्ली काढून, वळण दाखवून, पाइप कुठं तुटलीय, कुठून खणायला सुरुवात करायची, असं सगळं, हळू आवाजात. प्रतिभाताई मान हलवत होत्या, मधेच विचारत होत्या. आत साहेब हातातल्या अर्जाकडं बघत थांबले होते. आप्पा दारातून डोकावून वैतागून म्हणाले, "आगं पर मोठ्यानं बोल की. आमालाबी ऐकू दे."

जॉयसनं मान वर केली. पण आवाज काही तिनं चढवला नाही.